वास्तुशांतीआधीचा पत्ता

देवाधर्माच्या बाबतीत शालूबाईंचा शब्द घरात कोणी मोडत नसे. हट्टा गावातलं एकत्र घर सोडून त्या वसमतला नव्या घरात आल्या, तेव्हाच त्यांनी नवऱ्याला बजावलं, "वास्तुशांत झाल्याबिगर हा पत्ता कुठंच लिहायचा न्हाई. घराला नजर लागती."

वैजनाथची हळदीची आडत. इन्कमटॅक्सवाल्यांना नवा पत्ता कळवावा लागतो हे तो जाणून होता, पण बायकोचं ऐकून त्यानं ते टाळलं. वास्तुशांत मात्र होता होईना. पूजा म्हटली की मोठ्या जावेला, पार्वतीबाईंना, बोलावणं आलंच, आणि वेगळं निघताना शालूबाई त्यांना तोंडावर बोलून आल्या होत्या, "आता तुमच्या पाण्याची बी गरज न्हाई मला."

श्रावणी सोमवार. शालूबाई महादेवाला बेल वाहत होत्या, तर दारात पार्वतीबाई. एसटीतून उतरलेल्या, घामाघूम. पदराखालून त्यांनी पाकीट काढलं.

"इन्कमटॅक्सचं हाय म्हणं. पोस्टमननं पारावरच इचारलं, वैजनाथ कुठं राहतो? समदं गाव म्हणून राहिलं, धाड पडली, धाड पडली! म्या म्हनलं, कशाची धाड? माझ्या दिराचं टपाल हाय, आण इकडं."

वैजनाथनं पाकीट फोडलं. "मागच्या सालचं काहीतरी इचारलंय. उत्तराची मुदत उद्या सरती," एवढं बोलून तो कागद घेऊन ऑनलाइनच्या दुकानाकडं पळाला. बायकोला एका शब्दानं बोलला नाही. तेच शालूबाईंना जास्त लागलं.

"अक्का, घर कसं सापडलं?"

"मोंढ्यात आडतवाल्यांना इचारत आले. सख्ख्या दिराचं घर मला ठावं न्हाई, हे परक्याला सांगताना मेल्यावानी झालं बघ." पार्वतीबाई टेकल्या. "पाणी देतीस का? का त्याची बी गरज न्हाई?"

शालूबाईंनी तांब्या पुढं केला. मान काही वर होईना.

तासाभरानं वैजनाथचा फोन आला. "उत्तर गेलं. पत्ता बी बदलू का? दुकानातला मुबश्शीर इचारून राहिला."

"बदला." मग जावेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी गल्ली, घर नंबर, सगळं सांगितलं. फोन ठेवून पुटपुटल्या, "अक्का, येत्या सोमवारी वास्तुशांत करतो. कलश तुमच्याच हातनं मांडायचा."

"असं उभ्या उभ्या बोलावतेत व्हय? कुंकू लाव आधी."

शालूबाईंनी करंडा आणला. लावता लावता थोडं कुंकू जावेच्या नाकावर सांडलं. पार्वतीबाईंनी ते पुसलं नाही.