शेवटच्या बांधीचं पाणी

…तर गुंजननं तुडूम पुरताच उपसला आणि पाणी जे सुटलं ते थेट भिंतीपलीकडं, सोसायटीच्या धानाच्या पोत्यांखाली! कालची गोष्ट इथंच अडली होती. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. इथला तुडूम वीतभर आणि तलाव सिमेंटचा, दोन खाटांएवढा. खाली मातीचा पाट, पाटावर आठ इवल्या बांधी, म्हणजे धानाची खाचरं, आणि बांधीबांधीत धानाचं खरं रोवणं. करडीजवळच्या एका गावात, जुन्या गोदामाच्या अर्ध्या भागात लेकरांनी हात लावून शिकायचा हा सगळा थाट सरिता गजभियेनं मांडलेला.

सरिता वरठीकडच्या एका शाळेत सव्वीस वर्षं प्रयोगशाळेची शिपाई होती. भिंगं, लोहचुंबकं, तराजू, सगळं कपाटात आणि कुलूप तिच्याच हातानं. साहेब तपासणीला आले की पुसून मांडायचं, जीप वळली की परत आत. "सव्वीस वर्षं लेकरायपासून सामान लपवाची पगार खाल्ली मी," असं ती म्हणायची. निवृत्त झाली आणि चार बाया जमवून तिनं संस्था नोंदवली, सोसायटीकडून अर्धं गोदाम तीन वर्षांसाठी मागून घेतलं. तिकीट नाही, काच नाही, दोरी नाही. लोहाराचा भाता ओढा, तराजूत गोटे तोला, जातं फिरवा. रविवारी पवनीपासून लोक लेकरं घेऊन मोटरसायकलीवर येत.

नवरा धर्मेंद्र कुरकुरायचा, "आराम कराच्या वयात चिखल कालवून राहिली!"

"मंग बसले काहून? तुम्हीबी कालवा."

आणि तो कालवायचा.

पोती भिजली तशी सोसायटीचे अध्यक्ष केशवराव आले. पाणी सोडणारी गुंजन त्यांचीच नात, पण रागाला नातं दिसतं कुठं?

"सरिताबाई, मुदत संपून राहिली. पुढची तीन वर्षं पायजे तं पाणी बंद. कोरडा तलाव ठेवा, लेकरं पाहतीन."

"कोरडा तलाव कॅलेंडरवरबी दिसते, भाऊ."

"मंग गोदाम खाली करा. रविवारी कमिटी घेऊन येतो."

सरिता रडली नाही, कोणाच्या पाया पडली नाही. सहा दिवसांत नवरा-बायकोनं पोत्यांच्या बाजूनं गुडघाभर विटांचा कठडा घातला, जमिनीला उतार दिला, बाहेरच्या भिंतीला भोक पाडून नाली काढली. बोटं सोलली, पण शनिवारी दहा बादल्या ओतून पाहिल्या आणि मगच ती जेवली.

रविवारी कमिटी आली. कमिटीत सुखराम पटलेही होता. गावच्या खऱ्या तलावावर केशवरावांची बांधी तुडुमाला लागून आणि सुखरामची पार शेवटी, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

सरिता म्हणाली, "उभ्यानं पाहून काय समजते? चिठ्ठी उचला, निघन ते बांधी आपली, खेळा. इथं लेकरायले जो नियम तोच मोठ्यायले."

केशवरावांना निघाली आठवी बांधी. त्यांच्यासोबत आलेल्या गुंजनला पहिली! पोरीनं आपली बांधी काठोकाठ भरली आणि आणखी भरत बसली. केशवराव पँट वर करून उकिडवे बसलेले, समोर कोरडी ठक्क माती.

"गुंजन, सोड ना वो पाणी!"

"थांबा ना आजोबा, माही भरू द्या आधी."

"किती भरते? माह्यं रोवणं वाळून राहिलं!"

मागून सुखराम शांतपणे म्हणाला, "अध्यक्षसाहेब, कायले ओरडता? वरच्याची भरली की खाली येतेच म्हणे पाणी. दरसाली तुम्हीच तं सांगता मले."

हसून हसून कमिटी भिंतीला टेकली. केशवराव उठले, भिंतीपलीकडं गेले, पोत्यांखाली हात घालून पाहिला. कोरडं! मग खिशातून मुदतवाढीचा कागद काढला, पेन उघडलं आणि थांबले.

"देतो सही. पाणीबी राहू द्या. पण त्या आठव्या बांधीची चुकी दुरुस्त करा. तिले वेगळी नळी लावा. घरी पोट्टे रडत जातीन."

सगळ्यांचे डोळे सरिताकडं. "हो" म्हटलं की तीन वर्षं पक्की होती, आणि धर्मेंद्र मागून खुणा करून थकला. सही त्या दिवशी झाली, पण सही होण्याआधी तिनं जे म्हटलं ते शब्दाला शब्द असं:

"नळी नाही लावत, भाऊ. उतार मी सात वेळा मोजला, त्यात काही चुकी नाही. वरच्यानं आपला बांध फोडला का पाणी आठव्या बांधीत बरोब्बर पोचते, लेकरं अर्ध्या घंट्यात शिकतात. तुम्हाले जमत नसन तं परत बसा. कागद ठेवा तिथं, मले घाई नाही."