एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

श्रीवर्धनला आम्ही तिघी लाडू, चिवडा, लोणचं करून विकतो. किस्से मात्र करावे लागत नाहीत. वाटी आणि वजनकाटा एका ओट्यावर आले की ते आपोआप साठतात!

तिघी म्हणजे मी, शेजारच्या मालतीकाकू आणि त्यांची सून सुप्रिया. काकू वाटीने बोलतात, पनवेलची सुप्रिया ग्रॅममध्ये. मला दोन्ही भाषा येतात, असं मी छातीठोक सांगते.

*

पहिल्याच दिवशी सुप्रियाने मोबाईलवरची रेसिपी वाचली, "दोन कप रवा."

काकूंनी चहाचा कप काढला.

"आई, हा नाही. मेजरिंग कप, दोनशे चाळीस मिलीचा!"

काकूंनी कप उलटसुलट करून बघितला. "मग ह्याला काय म्हणतात, तांब्या?"

*

एकदा काट्याचा सेल संपला, म्हणून दोन दिवस बेसन वाटीने मोजलं. काकूंच्या दिवशी लाडू मऊसूत, सुप्रियाच्या दिवशी भुगा! वाटी तीच, तूप तेवढंच.

नवा सेल घातला आणि मी दोघींना वाटी भरायला लावली. काकूंनी चाळलेलं बेसन अलगद भरलं. सुप्रियाने दाबून दाबून. पंचवीस ग्रॅमचा फरक!

काकू म्हणाल्या, "अगं, तू वाटी भरतेस का सहा सीटर रिक्षा?"

*

म्हसळ्याच्या दुकानात सुप्रियाने तांदळाचा किलोचा डबा पुढे केला. "किलोभर पातळ पोहे, ह्यातच भरा."

डबा काठोकाठ भरला, काटा पाव किलोलाही पोचेना.

"दादा, डब्यावर एक किलो लिहिलंय!"

"लिहिलंय खरं, ताई. पण पोह्यांना कुठं वाचता येतं?"

*

आता माझी फजिती. होमस्टेवाल्याची पंचवीस बाटल्या कैरीच्या लोणच्याची ऑर्डर होती, दुसऱ्या दिवशी द्यायची. काकू म्हणाल्या, "किलोला वाटीभर मीठ." मी घातलं, पण बारीक. काकूंची वाटी खडेमिठाची! खड्यांमध्ये फट राहते, बारीक मीठ गच्च बसतं.

काकूंनी चाखलं आणि डोळे मिटले. "समुद्र आहे हा!"

मी काटा पुढे ओढला. दोन्ही मिठांच्या वाट्या तोलल्या, जादा किती पडलं ते काढलं आणि त्या प्रमाणात बिनमिठाच्या कैऱ्या, मसाला वाढवला. लोणचं फक्कड जमलं. बाटल्या झाल्या चौतीस!

होमस्टेवाल्याने सगळ्या उचलल्या. वर विचारलं, "परत कधी चुकताय?"

*

मागच्या महिन्यात दिघीहून एक काका आले. पिशवीतून एक जुनी पितळी वाटी काढली.

"बायकोची हाय. ती गेली औंदा. मुलगी परदेशात, तिला आईसारखे रव्याचे लाडू करायचेत. ह्या वाटीत रवा किती ग्रॅम बसतो तेवढं सांगा."

मी रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य केलं. "सपाट भरू की शीग लावून?"

काकांनी वाटी उचलली, स्वतःच रव्याच्या डब्यात घातली, शीग लावून वर काढली. मग त्या शिगेतला चिमूटभर रवा परत डब्यात टाकला.

"अशी भरायची ती."

काट्यावर एकशे तीस आले. सुप्रियाने कागदावर लिहिलं.

"चिमूट पण लिवा," काका म्हणाले.

मी एक चिमूट तोलून बघितली. काटा हललाच नाही.

काकूंनी हळूच विचारलं, "ती चिमूट परत कशाला टाकायच्या हो वहिनी?"

"मी पण इचारलं होतं एकदा," काका वाटी पुसत म्हणाले. "म्हणाली, उद्याला."