पोचा पडलेली वाटी

मावशी माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. दुपारी एकचा भोंगा झाला की कुपवाडच्या कारखान्यांतून आम्ही गाड्या हाणत त्यांच्या खानावळीवर जायचो. दारातच हुकूम सुटायचा, "चप्पल काढ. तळवा दाव." नवख्याला वाटायचं, बाईंना फरशीची काळजी. तसं नव्हतं. ज्यांना शुगर आहे अशा गिऱ्हाइकांचे तळवे त्या रोज तपासायच्या. मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मेंढरू विकत घेताना खूर बघावेत, तसे आमचे पाय बघायच्या.

शुगरवाल्यांत मी सर्वांत नाठाळ. मी पलूसचा. आमच्याकडे बांधापर्यंत ऊस. दरवर्षी कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरातल्या माणसानं साखरेला भ्यावं, हा मला घराण्याचा अपमान वाटायचा. गोळी घ्यायचो आणि गोळी घेतलीच आहे म्हणून वर एक पेढाही घ्यायचो.

एकदा लेथवरचा लोखंडी कीस सँडलमधून उजव्या अंगठ्यात घुसला. मला पत्ताच नाही. मावशींनी दारात पाहिलं.

"बाबा, रगात आलंय. दुखत न्हाई?"

"न्हाई की!" मी छाती काढून म्हणालो. वाटलं, शाबासकी मिळेल. मावशींचा चेहरा उतरला. हातातलं उलथनं खाली ठेवून त्यांनी मला तसंच, न जेवता, डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या बदलल्या आणि म्हणाले, "तीन आठवड्यांत ही भरायला लागली नाही, तर अंगठ्याची खात्री मी देत नाही. औषध माझ्याकडे आहे, पण पोट तुमच्या ताब्यात आहे."

माझं पोट माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते मावशींनी ताब्यात घेतलं. आधी पालेभाजी, मग मटकीची उसळ, मग ज्वारीची एक भाकरी आणि सगळ्यात शेवटी भात. तो मोजायला त्यांची एक जुनी स्टीलची वाटी होती, एका बाजूला पोचा पडलेली. तीत भात भरून वरून बोट फिरवायच्या. "वाटी म्हंजे वाटी. वर डोंगर न्हाई." जेवण झालं की कोपऱ्यावरच्या वजनकाट्यापर्यंत चालून यायचं. त्याचीही मला परवानगी नव्हती; अंगठ्यावर भार नको म्हणून मी खुर्चीत बसून हात वर-खाली करायचो आणि बाकीचे शुगरवाले जाता-येता मला सलाम ठोकायचे.

चार दिवसांत माझं कारागीर डोकं चालू झालं. सांगलीच्या बाजारातून तशीच, पण चांगली मोठी वाटी आणली. वर्कशॉपमध्ये हातोडीनं तिला पोचा पाडला. आयुष्यात इतकं बेमालूम काम मालकासाठी कधी केलं नसेल. मावशी भाकरी थापत असताना वाट्यांची अदलाबदल केली आणि शहाण्यासारखा ताटावर बसलो. मावशींनी नवी वाटी उचलली, शिगोशीग भरली आणि माझ्या ताटात उपडी केली. मेथी!

"लय बरं क्येलंस. भाजीला वाटी ल्हानच पडत हुती," असं म्हणत त्यांनी जुनी वाटी शोधून काढली. "पोचा तेवढा उलट्या अंगाला पाडलास रं."

एवढ्यानं शहाणा होईन तर मी कसला? रविवारी बहिणीकडे गेलो. दाजींचं गुऱ्हाळ चालू होतं. वाफाळता गूळ समोर आला. गूळ ही काही साखर नव्हे, असं आमच्याकडे सगळेच मानतात; मी तर जरा जास्तच मनापासून मानलं. तिथं खाल्ला तो खाल्ला, वर एक मोठा खडा गाडीच्या डिकीत घातला. सोमवारी मावशी पाणी टाकायला बाहेर आल्या, तर माझ्या गाडीवर मुंग्यांची रांग.

"डिकी उघड."

"आवं मावशी, गूळ हाय. गुळात लोह असतंय. औषधच की ते."

"मग मेडिकलात का न्हाई मिळत?"

सगळी खानावळ हसली. मावशी हसल्या नाहीत. समोरचा बाक ओढून बसल्या.

"आमचं मालक उभा जलम मेंढरांमागं चाललं. त्येंलाबी शुगर हुती. एक दिस बाभळीचा काटा घुसला. मी इचारलं, दुखतंय का? तुझ्यावानीच म्हणलं, न्हाई की. मीबी म्हणलं, बरं झालं. गुडघ्याखालनं पाय काढला, तवा कळलं की दुखत न्हाई हेच वाईट हुतं." त्या उठल्या. "आता खा तुझा गूळ."

कसला खातोय! खडा कुंपणापलीकडे मुंग्यांच्या वारुळापाशी नेऊन ठेवला. निदान त्यांना तरी शुगर नसावी. त्या दिवसापासून वाटीच्या वर मी नजरसुद्धा जाऊ दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडा जवळ येऊ लागल्या. पुढं दोन महिने लागले, नख वाकडं आलं, पण अंगठा राहिला. मी दारात पाय पुढं केला. मावशींनी पुष्कळ वेळ बघितला, डोळ्यांना पदर लावला.

"मावशी, आज तरी डोंगर?"

"अंगठा ऱ्हायला म्हणून वाटी वाढत न्हाई."

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि मुलानं त्यांना आटपाडीला नेलं. जाताना मला जुनी वाटी दिली. "मोठी माझ्याकडं ऱ्हाऊ दे. भाजीला लागंल."

परवा भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी जेवायला निघालो. खिशात वाटी होतीच. एवढ्यात मावशींचा व्हिडिओ कॉल. कुशल-बिशल काही नाही. "पाय दाव." भर मांडवात चप्पल काढून मी फोन पायाशी धरला. पाहुणे बघत राहिले. मावशींनी मोठ्यानं बोटं मोजली, "पाच. पाच. ब्येस." मी फोन उचलणार, तोच आवाज आला, "थांब! त्यो शेजारचा पाय कुणाचा रं?"

शेजारी दाजी उभे होते, अनवाणी, हातात जिलेबीचं ताट.

"टाचंला काळं काय झालंय त्येच्या?"

दाजी ओशाळं हसले. "चप्पल घासली हुती. झाला महिना. पण दुखत न्हाई की!"

मी दाजींच्या हातातलं ताट काढून घेतलं, खिशातली वाटी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "दाजी, आधी डॉक्टरकडं. मग ह्या वाटीनं जेवायचं. वर डोंगर न्हाई."