न पडलेलं स्वप्न

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमच्या बाबाला तर नाहीच.

तुमची धाकटी आजी — महादेवी, माझी जाऊ — आठवते ना? तिच्याबद्दल आहे हे. म्हणजे, माझ्याबद्दल.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता, पण साहेब आणि कारकून येतच होते. सासऱ्यांनी मागच्या खोल्या त्यांना भाड्याने दिल्या. पुरुष माडीवर झोपायचे आणि आम्ही दोघी जावा एका खोलीत. दोघीही गरोदर. मला सातवा महिना — तुमचा बाबा — आणि तिला पाचवा. माझे आईवडील नव्हते, त्यामुळे माझं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

मला झोप यायची नाही. उताणं जड, कुशीवर जड, छातीत जळजळ. जरा डोळा लागतो तोच महादेवी उठायची. तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. बांगड्या वाजायच्या, तांब्या वाजायचा आणि वर ती हसायची, "अक्का, माझं लेकरू रातपाळीवालं हाय बघा. दिवसा गप, रातच्याला कवायत!"

मी भिंतीकडे तोंड करायचे. ती कधी वाईट वागली माझ्याशी? नाही. मला फक्त ती खोली हवी होती.

मग तसंच का नाही सांगितलं? शिकलेल्या सुनेचे नखरे — हे ऐकायचं नव्हतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. शकुन-अपशकुनाला हसणारी घरात मी एकटीच. म्हणूनच, अपशकुनाचं काही माझ्या तोंडून आलं तर सगळे खरं मानतील — हे मला ठाऊक होतं.

एका सकाळी भाकरी थापताना मी सासूबाईंना म्हणाले, स्वप्न पडलं. एका आढ्याला दोन पाळणे. एकाची दोरी तुटली.

त्यांनी लगेच विचारलं, "कुणाच्या पाळण्याची गं, माय?"

"दिसलं नाही."

स्वप्न पडलंच नव्हतं. जिला झोपच नाही तिला स्वप्न कुठून पडणार? — पण हे कुणी विचारलं नाही.

"एका छपराखाली दोन गरवार बाया नकोतच," सासूबाई म्हणाल्या. रीत अशी, की सातव्यात ओटी भरून लेकीला माहेरी धाडायचं. महादेवीला पाचव्यातच धाडलं, ओटी न भरता, हिमायतनगरजवळच्या तिच्या गावी. तिथल्या विहिरी आटलेल्या. ओटी भरून आलेल्या लेकीला कुणी घागर उचलू देत नाही. ही तशीच आलेली. हिने लांबून पाणी वाहिलं. लेकरू फार लवकर आलं. राहिलं नाही.

आणि मी? ती गेली त्याच रात्री मला झोप लागली. गाढ.

ती परतली तेव्हा तुमचा बाबा झाला होता. त्याला मांडीवर घेऊन म्हणाली, "अक्का, तुम्हाला दिसलं म्हणून एक तरी वाचलं." मी बाळाचं टोपडं सारखं केलं. तिला पुन्हा मूल झालं नाही. तुमच्या बाबाला निजवायची तीच.

पुढे तुमच्या वेळी तुमच्या आईला दिवस गेले. ती तिकडे माहेरी, आम्ही इकडे. महादेवी रोज सकाळी माझ्याकडे यायची — "अक्का, काई दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणायचे. "चांगलं दिसलं."

मग ती निर्धास्त मनाने चहा टाकायला जायची.

गेल्या वर्षी ती गेली. स्वप्न पडलंच नव्हतं, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.