लस दिलेल्या पाच घोड्या

कुंपणात पाच घोड्या होत्या. पाचही माझ्या.

माझ्या म्हणजे मालकीच्या नव्हेत. अल्बर्टात रॉकीजच्या पायथ्याशी सरकारी कुरणांवर मोकाट घोडे फिरतात. कधीकाळी कुणीतरी सोडून दिलेल्या घोड्यांची ही प्रजा. त्याच कुरणांवर रँचवाल्यांची गुरं चरतात, म्हणून घोडे वाढले की ओरड होते. मी जनावरांची डॉक्टर. अकोल्याकडे गाई-म्हशी तपासायचे. इथे येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि या प्रोजेक्टवर लागले.

काम असं: घोडीला लांबून डार्ट मारून लस टोचायची. डार्ट म्हणजे बंदुकीतून सुटणारी सुई. लस दिलेली घोडी गाभण राहत नाही. कुणाला पकडायचं नाही, मारायचं नाही, तरी कळप वाढत नाही.

पण डार्ट लागायला बरंच जवळ जावं लागतं, आणि रानातली घोडी माणूस दिसला की पळते. दोन वर्षं मी एकाच टेकडीवर, एकाच मळक्या जॅकेटमध्ये जाऊन बसले. हात बधिर व्हायचे. तेव्हा कुठे या पाच जणी मला बघून पळेनाशा झाल्या.

आणि आता त्या डेलच्या कुंपणात होत्या. डेलकडे घोडे पकडायचं लायसन्स. आत गवत आणि मिठाचा ठोकळा ठेवायचा, घोडे शिरले की गेट पडतं. मग ट्रेलर, मग लिलाव. पुढे कुणी पाळायला नेतं, कुणी मांसासाठी.

"डेल, यांना लस दिलेली आहे!"

"मला काय माहीत, डॉक्टर? मॅपवर ठिपके होते, तिथे कुंपण घातलं. नाइस मॅप, बाय द वे."

त्याने फोन पुढे केला. मॅप माझाच होता. लसवाल्या घोड्या कुठे येतात, त्याचे ठिपके.

मी ट्रकमध्ये बसून अमोलला फोन लावला. अमोल आमचे मॅप बनवतो, वॉटर्लूतल्या त्याच्या बेसमेंटमधून.

"ताई, ब्रायनने सांगितलं म्हणून फॉरवर्ड केला. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

"कशाला हवाय, विचारलंस?"

"नाही ताई. सॉरी."

ब्रायन आमचा मॅनेजर. त्याला फोन लावून म्हटलं, "ज्यांना पिल्लं होणारच नाहीत, त्याच घोड्या तू पकडून दिल्यास. शिंगरं घालणाऱ्या सगळ्या वर जंगलात आहेत."

"लुक, रँचवाल्यांना या सीझनला काहीतरी करून दाखवायला हवं होतं. या सोप्या होत्या. अ हॉर्स इज अ हॉर्स."

सोप्या! मी त्याला अस्सल वऱ्हाडी शिवी दिली. तो "पार्डन?" म्हणाला. मी अर्थ सांगितला नाही, फोन ठेवला.

मग डोकं चालवलं. औषध टोचलेलं जनावर मांसासाठी विकता येत नाही. ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून मी तसं लिहिलं, पाचही घोड्यांच्या खुणांसकट, आणि खाली माझी सही व डॉक्टरकीचा लायसन्स नंबर टाकला.

डेलने दोनदा वाचलं. "म्हणजे लिलावातून एक जरी मांसासाठी गेली, तर मी अडकणार?"

"तू आणि तुला मॅप देणारा, दोघंही."

तो पुटपुटत गेला आणि त्याने गेट उघडलं. चौघी सुसाट निघाल्या.

पाचवी कोपऱ्यातच उभी राहिली. बाकीच्यांच्या आड मला तिचे पाय दिसलेच नव्हते. रात्री कधीतरी ती लोखंडी पॅनलवर आदळली असावी. पुढच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. घोड्याचा असा पाय जुळत नाही. मी जवळ गेले तेव्हाही ती मागे सरकली नाही. तिला शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. डेलने टोपी काढली. मला त्याच्या टोपीचाही राग आला.

उरलेल्या चौघी त्यानंतर मला टेकडीवर पाहिलं की पळायच्या. लस दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. ती देता आली नाही. पुढच्याच्या पुढच्या वसंतात त्यांतल्या दोघींच्या मागे शिंगरं होती. ब्रायनने रिपोर्टात 'मायनर सेटबॅक' असं लिहिलं. मी ते खोडून 'आपली चूक' लिहिलं. त्याने पुन्हा होतं तसं केलं.

आता कुणाला घोड्यांची ठिकाणं हवी असतील, तर कशासाठी हवीत ते मी आधी सहीनिशी लिहून घेते. ब्रायन म्हणतो, मी फार डिफिकल्ट झालेय. खरंय. आधीच व्हायला हवं होतं.