गावाचे नाव येथे लिहा

आमच्या कंपनीत सक्ती करायची असली की आधी ती ऐच्छिक आहे असं सांगतात. त्या सोमवारी आमचे विभागीय व्यवस्थापक परभणीच्या ऑफिसात आले, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "आपापल्या आमदारांना एक मेसेज पाठवायचाय. मनापासून वाटत असेल त्यांनीच पाठवा." मग कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "पाठवला की स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका."

मेसेज तयारच होता. सुरुवातीला गावाचं नाव लिहायला जागा सोडलेली, बाकी मजकूर छापील. इंटरनेटची केबल टाकायला रस्ता खोदायचा तर ज्या परवानग्या लागतात, त्यांचे नियम राज्य सरकार बदलणार होतं. ते कंपनीला सोयीचे व्हावेत म्हणून आम्ही कर्मचाऱ्यांनी आमदारांकडे आग्रह धरायचा होता. सगळ्या परवानग्या एकाच ठिकाणी मिळाव्यात, त्या ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात, आणि ग्रामपंचायतीच्या 'ना हरकत'ची अट काढून टाकावी, एवढंच मागणं होतं.

पहिल्या दोन गोष्टींसाठी मी आमदारांच्या दारात सतरंजी टाकून बसायलाही तयार होते. जिल्ह्यातल्या परवानग्यांचं काम माझ्याकडेच आहे. बांधकाम खात्यातून जिल्हा परिषदेत, तिथून पंचायत समितीत आणि शेवटी 'साहेब मीटिंगला गेलेत' या मुक्कामी फाईल कशी पोचते, ते मला विचारा. त्या व्हरांड्यातल्या बाकावर माझी जागा आता ठरलेली आहे. तेव्हा नियम बदलायला हवेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. घोडं अडलं ते शेवटच्या मागणीवर. कारण त्या वेळी सेलू तालुक्यात ज्या गावानं 'ना हरकत' द्यायला नकार दिला होता ते माझं माहेर होतं, आणि गावाला नकार द्यायला लावणारा माणूस माझे वडील होते.

आमचं गाव वालूरपासून आत, फाट्यावर उतरून चालत जायचं. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तिथं रेशनचं दुकान आहे. धान्य घ्यायचं तर मशीनवर अंगठा द्यावा लागतो, मशीनला रेंज लागते, आणि आमच्या गावात रेंज सापडते फक्त महादेवाच्या देवळाच्या गच्चीवर. म्हणून दुकान खाली आणि मशीन वर. आप्पा कपाळाला भस्म लावून, मशीन काखेत घेऊन गच्चीवर बसतात आणि बायका त्या अरुंद जिन्यानं एकेक करत अंगठा द्यायला चढतात. ज्यांना चढवत नाही त्या पायरीवर बसून राहतात आणि आप्पाच मशीन घेऊन खाली-वर करतात, मधल्या कुठल्या तरी पायरीवर रेंज धरेल या आशेनं. शेजारच्या काकूंचं एका महिन्याचं धान्य असंच बुडालं. त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, माझाच अंगठा झिजलाय बाई. अंगठ्यात काही नव्हतं, रेंज नव्हती. सरकारनं सगळं ऑनलाईन केलं, आणि आमच्या गावापुरतं ते गच्चीवर येऊन थांबलं.

अशा गावात केबल आली तर पहिला फायदा आप्पांचा होता. तरी ग्रामसभेत तेच उठून उभे राहिले होते. का, तर मागे दुसऱ्या एका कंपनीचा ठेकेदार मधली गल्ली उकरून गेला होता. जाताना पाण्याची पाईपलाईन फोडून गेला. केबल पुढच्या गावाला गेली, माती तशीच राहिली, आणि सगळा उन्हाळा त्या गल्लीतल्या बायकांनी मळ्यातल्या विहिरीवरून घागरी आणल्या. फोन केला की ठेकेदार कंपनीचं नाव सांगायचा आणि कंपनी ठेकेदाराचं.

मेसेज पाठवायच्या आधी मी गावी गेले. आप्पा गच्चीवरून नुकतेच उतरले होते, ओट्यावर बसून गुडघे चोळत होते. मी सरळ विषय काढला.

"आप्पा, तुमीच केबल अडवून बसलाव. हाल तुमचेच व्हायलेत न्हवं?"

"केबल नको असं कोन म्हनलंय?" आप्पा म्हणाले. "मलाच तर लय लागायलीय. खड्डा बुजवून जा, एवढंच म्हनायलोय."

"एका गावापायी पुढची गावं खोळंबलीत."

"मंग बुजवा की खड्डा. लवकर उरकंल."

मी फोन काढला आणि मेसेज वाचून दाखवला. नियम बदलणार आहे, उद्या तुमच्या हरकतीला कोणी विचारणारसुद्धा नाही, तेव्हा आत्ताच मानानं 'हो' म्हणा, असं मला सुचवायचं होतं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी आमाला इचारायचंच न्हाई, असा कायदा मागायलेत," ते म्हणाले. "आन् त्याच्याखाली नाव तुझं हाय?"

मला त्यांचा राग आला. ते बरोबर बोलत होते याचा त्याहून जास्त आला. फाट्यापर्यंत चालत येताना मी मनातल्या मनात आधी आप्पांशी भांडले, मग व्यवस्थापकांशी, आणि एसटीत बसल्यावर मेसेज उघडून शेवटची मागणी पुसून टाकली. तिच्या जागी लिहिलं की गावानंही ठरलेल्या मुदतीत होय-नाही सांगावं, पण खोदलेली गल्ली पूर्ववत करून ग्रामसभेला दाखवल्याशिवाय कंपनीनं पुढचं काम सुरू करू नये. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला.

व्यवस्थापकांचा फोन आला. "मॅडम, आपला आवाज एक असायला हवा. तुम्ही कर्मचारी आहात, गावकरी नाही."

"सर, माझं मत अजून माहेरीच आहे, आमदारांना मी मतदार म्हणून लिहिलंय," मी म्हणाले. "त्यांच्या मतदारयादीत कंपनीचं नाव नाही."

बोलून तर गेले. नोकरीवर घर चालतं माझं. तरी मेसेज मागे घ्यायचा नाही हे पक्कं होतं.

पुढच्या आठवड्यात आमदारांच्या सेलूच्या कार्यालयात शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. मला वगळतील असं वाटलं होतं. पण त्या तालुक्यातली मी एकटीच होते, आणि शिष्टमंडळात स्थानिक माणूस नसला तर बरं दिसत नाही. सगळ्यांनी कंपनीचे निळे टी-शर्ट घातले. मी साडीवरून घातला, काय ध्यान दिसत होतं ते विचारू नका. बोलायचं सरांनी, आम्ही फक्त माना डोलवायच्या, असं गाडीतच ठरलं.

कार्यालयात कापसाच्या भावाची तक्रार घेऊन आलेली माणसं बसली होती. ती उठल्यावर आम्हाला आत बोलावलं. सरांनी तोंड उघडायच्या आत आमदारांच्या पीएनं स्वतःचा फोन पुढे केला.

"तुमच्या लोकांचे मेसेज भरपूर आलेत बरं का," तो म्हणाला. "पण बहुतेक जण एकाच गावचे दिसायलेत. 'आपल्या गावाचे नाव येथे लिहा' असं नाव हाय गावाचं. हे कोन्या तालुक्यात येतंय, साहेब?"

कोणीच मजकूर वाचला नव्हता. आपला आमदार कोण तेही न बघता जसा आला तसा पुढे ढकलला होता, गावाच्या रिकाम्या जागेसकट. निळ्या टी-शर्टांची सगळी रांग आपापल्या बुटांकडे बघायला लागली. आमदार मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्यात खरंच माझ्या मतदारसंघातलं कोण आहे?"

मी हात वर केला. सरांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मी गावाचं नाव सांगितलं. आमदार म्हणाले, "त्याच गावानं केबल अडवलीय ना? कोणी हट्टी म्हातारा आहे म्हणे."

"तो म्हातारा माझा बाप आहे, साहेब."

मग मी बोलले. फायली कशा फिरतात ते सांगितलं आणि मुदतीचा नियम हवाच हवा म्हणाले. देवळाचा जिना सांगितला, काकूंचं बुडालेलं धान्य सांगितलं, आणि फुटलेली पाईपलाईनही सांगितली. गावाला विचारायचंच नाही असा नियम केलात तर केबल येईल, पण पुढच्या वेळी गाव काठ्या घेऊन उभं राहील, आणि तेव्हा तिथं सर नसतील, जेसीबीवरचा आमचा माणूस असेल, असंही म्हणाले. माझा आवाज चढला होता. चढू दिला.

आमदारांनी थोडा विचार केला. "हेच लिहून आणा," ते म्हणाले. "पण एका कागदावर दोघांच्या सह्या पाहिजेत, कंपनीत काम करणाऱ्यांच्या आणि त्या गावाच्या. तो कागद असेल तर मी सभागृहात बोलेन. नुसत्या मेसेजवर नाही." मग सरांकडे वळून म्हणाले, "तोवर तिथं एक गल्ली नीट करून दाखवा की. काय अडचण आहे?"

आमदारांसमोर अडचण आहे असं कोण म्हणणार? मजकूर मी दुसऱ्या दिवशी लिहून काढला. गावाच्या नावाची जागा तेवढी मुद्दाम रिकामी ठेवली. ते गावानंच लिहावं असं वाटलं. ऑफिसात पहिली सही जेसीबी चालवणाऱ्यानं केली. मग केबल जोडणारे आले. टेबलावरचे लोक सगळ्यात शेवटी आले, इकडे-तिकडे बघत, पण आले.

गावात मात्र एकही सही होईना. आप्पांनी सांगितलं होतं, "आधी गल्ली दावा." ग्रामसभेनं तेवढ्या एका गल्लीपुरती खोदायला परवानगी दिली. त्या दिवशी मी सकाळपासून आमच्या ठेकेदाराच्या मानगुटीवर बसले होते. केबल टाकून झाली, माती भरली, वरून धुम्मस मारून ती ठोकून बसवली. सगळं गाव गल्लीत जमलं होतं. आप्पांनी घरातून घागर आणली आणि भरलेल्या मातीवर ओतली. आम्ही सगळे त्या मातीकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं ती हळूहळू खचली.

"मॅडम," आप्पा सगळ्यांसमोर मला म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला तसं हाकारलं. "ह्याचा जिम्मा कोनाचा?"

"माझा," मी म्हणाले आणि ठेकेदाराकडे वळले. "पुन्हा उकरा. मुरूम टाकून भरा."

तो कुरकुरला. मी पदर खोचला आणि पहिलं घमेलं स्वतः उचललं, मग त्याच्या माणसांना लाज वाटून ते कामाला लागले. पुन्हा भरलं, पुन्हा धुम्मस मारला. आप्पांनी पुन्हा घागर ओतली. पाणी वरून वाहून गेलं, माती जागेवर राहिली. ते त्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले, गुडघे दुखत असताना एकदा उडी मारल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "हां. आता खना पुढं."

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी कागद दिला. देवळाच्या पायरीवर कागद ठेवून त्यांनी आधी रिकाम्या जागेत गावाचं नाव लिहिलं, मोठ्या ठसठशीत अक्षरात, आणि मग सही केली. त्यांच्यामागे शेजारच्या काकूंनी अंगठा दिला. "ह्याला तर रेंज लागत न्हाई ना?" असं विचारून घेतलं आधी.

"आता मुंबईला धाड," आप्पा म्हणाले. "आन् जबाब येस्तोवर गप बसू नको."

केबल गावात पोचली आहे आणि मशीन दुकानात उतरलं आहे. कागद मी आमदारांकडे पोचवला, पण नियम अजून निघालेला नाही. मी दर सोमवारी आमदारांच्या कार्यालयात फोन करते. पीए आता माझा आवाज ओळखतो; मी हॅलो म्हणायच्या आत तो आमच्या गावाचं नाव घेतो.