एक्केचाळीस नंबरची सुरी

आमच्या वनखात्याच्या भांडारात खात्रीबाई बत्तीस वर्षं होत्या. जंगलात गस्तीला जाणाऱ्या माणसांना दोर, विजेऱ्या, ताडपत्र्या आणि सुऱ्या द्यायच्या आणि हंगाम संपला की मोजून परत घ्यायच्या, हे त्यांचं काम. मी शेजारच्या टेबलावर पत्रव्यवहार बघायचो. "खात्री करून घेते" हे त्यांचं पालुपद, म्हणून नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

तरुणपणी त्या स्वतः गस्तीला जायच्या. एकदा पावसात अडकल्या असताना शेकोटीसाठी लाकूड फोडायला गेल्या आणि खात्याने दिलेल्या चकचकीत सुरीची मूठ हातात राहिली, पातं लाकडात. संध्याकाळपर्यंत त्या कुडकुडत बसल्या होत्या. तेव्हापासून दुधाचं सोडा, ताकही फुंकून प्यायची सवय लागली.

नव्या सुऱ्या घ्यायच्या झाल्या की विक्रेते पेट्या उघडून बसायचे. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, आत सुईदोरा. बाई मूठ कानाशी नेऊन नखाने वाजवायच्या. पोकळ आवाज आला की सुरी परत पेटीत. होकायंत्र हवं असेल तर होकायंत्रच घेऊ, असं म्हणून त्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावायच्या. त्यांना लागायची साधी सुरी. पातं वीतभराहून थोडं आखूड, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं. गंज चढला तरी चालेल, पण दगडावर घासली की धार यायला हवी. सुरी आली की बाई कानस घेऊन बसायच्या. कारखान्यातून पाठ गुळगुळीत गोल येते. ती त्या घासून काटकोनात आणायच्या, कारण चकमकीच्या कांडीतून ठिणगी काढायची ती पाठीच्या कडेने. धारेने काढली तर धार जाते. पण मुठीजवळची दोन बोटं जागा त्या गोलच ठेवायच्या. लाकूड तासताना अंगठा तिथे टेकतो, तो कापू नये म्हणून. मग मुठीच्या बुडाशी उघड्या पोलादावर ठोकून नंबर घालायच्या. अशा साठ सुऱ्या त्यांच्या हातून गेल्या.

बाईंच्या लेकीने स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा लाकडाच्या वखारीत करवतींना धार लावायचा. बाईंनी त्याची चौकशी शेजारच्या न्हाव्यापासून त्याच्या जुन्या मास्तरांपर्यंत केली. वाईट काही निघालं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला. पहिल्यांदा घरी येताना त्याने मिठाई न आणता फडक्यात गुंडाळलेली एक सुरी आणली. काकू सुऱ्यांतल्या जाणकार आहेत असं कळलं, म्हणून स्वतः दुरुस्त करून आणली, असं म्हणाला.

बाईंनी सुरी हातात घेतली आणि त्यांचा अंगठा पाठीवर थबकला. पाठ काटकोनात होती. मुठीजवळ दोन बोटं गोल. कानशीचे तिरके ओरखडे जागोजाग गंजाने खाल्लेले होते, पण ओळखू येत होते. मूठ नवी होती. बुडाशी पोलाद कापून लहान केलं होतं, नंबर असायला हवा तिथेच.

त्यांनी सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली. पाहुण्याला जेवू घातलं, आग्रह केला, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन कपाट रिकामं केलं. साठांपैकी काही मोडलेल्या, काही झिजलेल्या, पण सगळ्यांचा हिशोब लागत होता. एक सोडून. एक्केचाळीस नंबर.

ती नऊ वर्षांपूर्वी लंबू नावाच्या हंगामी रखवालदाराला दिली होती. तो रिकाम्या हाताने परत आला होता. त्याने सांगितलं ते असं: धुवांधार पावसात नाल्यात उतरायचं होतं, खोडाला वेढा घातला तर दोर खालपर्यंत पुरत नव्हता, जवळ फांदीही नव्हती, म्हणून सुरी दगडाने झाडाच्या खोडात ठोकली, तिला दोर बांधला आणि खाली उतरला. पाणी वाढलं, परत वर चढता आलं नाही, वाहत खाली जाऊन कसाबसा बाहेर पडला. बाई त्याच्याबरोबर दोनदा त्या नाल्याच्या काठावर गेल्या. दोन्ही वेळा त्याला झाड सापडलं नाही. त्याच महिन्यात बाजारात कुणीतरी तशीच सुरी विकायला ठेवलेली पाहिली होती. बाईंनी नोंदवहीत लिहिलं, 'सुरी विकली असावी.' पुढच्या हंगामात लंबूला बोलावणं गेलं नाही.

आता तीच सुरी होणाऱ्या जावयाच्या हातून घरी आली होती. बाईंनी मला दारं लावायला सांगून हे सगळं सांगितलं. त्यांचा संशय सरळ होता. लंबूने सुरी विकली, ती फिरत फिरत या मुलाकडे आली, आणि नंबर बघून त्याने तो कापून टाकला. किंवा लंबू त्याचा कोणी लागत असेल.

रविवारी त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. रिमझिम चालू होती. घरामागच्या मोकळ्या जागेत ओली लाकडं पडली होती. त्यांनी त्याच्या हातात सुरी आणि चकमकीची कांडी दिली आणि शेकोटी पेटवायला सांगितलं. लेक वैतागली, पण मुलगा निमूट बसला. सुरी लाकडावर आडवी धरून दुसऱ्या लाकडाने ठोकत त्याने ते फोडलं आणि आतला कोरडा गाभा काढला. मग अंगठा पाठीवर टेकवून काठीची पातळ कुरळी सालपटं काढली, तुटून न पडू देता, काठीलाच लागून राहतील अशी. कांडीचा भुगा आधी थोडा खरवडून त्यांवर पाडला. शेवटी सुरीची पाठ गुडघ्याशी स्थिर धरून कांडीच मागे ओढली. तिसऱ्या ओढीला ठिणगी धरली.

"हे कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. सुरीवरूनच कळलं. पाठीची कड इथे तीक्ष्ण आहे आणि इथे मुद्दाम गोल ठेवली आहे. ज्याने घासली त्याला अंगठा कुठे येतो ते माहीत होतं. मी गंज काढला, पण ती जागा तशीच ठेवली."

आपल्याच कामाची ही स्तुती बाईंना आवडली नाही. माणूस सगळं जाणून गोड बोलतोय असं त्यांना वाटलं. सुरी आली कुठून, असं त्यांनी रोखठोक विचारलं.

"ओंडक्यात होती. करवत तिच्यावर आदळली, सहा दात गेले. मूठ कुजून गेली होती, बाहेरचं पोलाद नुसता गंज होता. तेवढं कापलं."

"ओंडक्यात सुऱ्या कधीपासून उगवायला लागल्या?" बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

सोमवारी त्या न कळवता वखारीत गेल्या. मुलगा तेव्हा आत धार लावत होता. त्याच्याकडे न जाता त्यांनी मालकाला गाठलं. मालकाला ती गोष्ट चांगली आठवत होती, कारण करवतीचं पातं महाग. त्या ओंडक्याच्या बाकीच्या फळ्या गेल्या, पण डाग पडलेली फळी कोणी घेईना, म्हणून ती गटारावर टाकली होती. बाईंनी ती उचलून घ्यायला लावली, धुवायला लावली. लाकडात एक अरुंद खाच होती आणि भोवती शाईसारखा निळाकाळा डाग. बाईंनी पिशवीतून सुरी काढून खाचेत घातली. म्यानात जावी तशी गेली.

मग त्या उकिडव्या बसल्या आणि फळीच्या टोकाला दिसणारी, वर्षाला एक अशी वाढीची वर्तुळं मोजू लागल्या. खोडाने जखम भरून सुरीवर लाकूड चढवलं होतं. जखमेपासून सालीपर्यंत नऊ वर्तुळं. तीनदा मोजली, तिन्ही वेळा नऊ. ओंडक्याच्या यंदाच्या वाहतूक परवान्यावर त्याच नाल्याचं नाव होतं, फक्त काठ पलीकडचा. लंबू पावसात काठ विसरला होता आणि त्यांना दोनदा चुकीच्या बाजूला घेऊन गेला होता.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. मालक, मुलगा आणि लंबू, तिघांचं संगनमत असेल का, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याचं भिंग न काढता तो म्हणाला, "अगं, तिघांनी मिळून झाडाला नऊ वर्षं वाढायला लावलं का?"

लंबू तेव्हा एका गोदामाच्या फाटकावर होता. केस पांढरे झाले होते. बाईंनी सुरी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. त्याने सुरीला हात लावला नाही.

"मी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही," तो म्हणाला. "लाकडाने सांगितलं तेव्हा वाटलं."

 वहीतली नोंद दुरुस्त करायची आहे, त्यासाठी तुमचा अर्ज हवा, असं बाई म्हणाल्या आणि मी लिहून दिलेला कागद पुढे केला. लंबूने तो उजेडाकडे धरून मागून पुढून पाहिला. सही घेऊन आणखी काही अंगावर घालायचा बेत नाही कशावरून, असं त्याने शांतपणे विचारलं. आधी साहेबांच्या शिक्क्याचं पत्र आणा, म्हणाला. बाई ते घेऊन गेल्या. त्याने ते पुतणीकडून वाचून घेतो म्हणून ठेवून घेतलं. तिसऱ्या खेपेला सही झाली. प्रत्येक खेपेला बाई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. त्याने बसायला सांगितलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

खात्याने त्याला पुन्हा हंगामावर बोलावलं. त्याने नकार दिला. गोदामाचं काम बरं आहे, एवढंच त्याने कळवलं. सुरी सरकारी, म्हणून मुलाने दिलेली ती भेट भांडारात जमा करावी लागली. त्याने हसत मान्य केलं. वखारीत आलात तेव्हा मला भेटला असतात तर तुम्हाला फळी मीच दाखवली असती, असं तो बाईंना म्हणाला. लग्न ठरल्या दिवशी झालं. जावयाशी बाईंचं जमलं, पण त्याने दिलेल्या भाजीचं देठ त्या अजून मोडून बघतात.

लंबू एकदाच कचेरीत आला. नोंद दाखवा म्हणाला. बाईंनी वही उघडली. जुनी ओळ लाल शाईने खोडून त्यांनी खाली लिहिलं होतं, 'रखवालदाराचे म्हणणे खरे. चूक माझी.' सही, तारीख. त्याने एकेका शब्दावर बोट ठेवत ते वाचलं. मग सहीखालची कोरी जागा दाखवून विचारलं, "ही मोकळी का ठेवली? मागाहून कोणी काही भरायला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी घेऊन त्या कोऱ्या जागेवर पानाच्या तळापर्यंत तिरकी रेघ मारली. शाई वाळेपर्यंत तो टेबलाशी उभा राहिला, पाणी प्यायला आणि गेला.